ॲव्हरेज-वाङ्मय : एक परीक्षण

मराठी समीक्षकांचा एक दोष मला फार दिवसांपासून जाणवत आला आहे. त्यांनी ओवी-अभंगांपासून लावणी-पोवाड्यांपर्यंत आणि लघुनिबंधापासून दिवाळी अंकातल्या राशिभविष्यापर्यंत सगळ्यांची यथासांग चिरफाड केली. पण ज्या वाङ्मयाची निर्मिती मराठी मध्यमवर्गात रोज अव्याहत चालू असते, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी ॲव्हरेज-वाङ्मयाबद्दल बोलतो आहे. "गाडी ॲव्हरेज किती देते?" हे त्याचे ध्रुवपद. ते लग्नाच्या पंगतीत ऐकू येते, बँकेच्या रांगेत ऐकू येते, आणि स्मशानातल्या बाकावर डोळे पुसून झाल्यावर जी पाच-दहा मिनिटांची अवघडलेली शांतता पसरते, ती मोडायलाही हेच ध्रुवपद उपयोगी पडते. इतके सर्वसंचारी वाक्य मराठीत दुसरे नाही. "जेवण झालं का?" हे जवळपास येते, पण त्याला वेळेचे बंधन आहे.

२०१०च्या सुमारास मारुती सुझुकीने 'कितना देती है' या तीन शब्दांवर अख्खी जाहिरातमोहीम उभारली, तेव्हा हा आजार आपल्यापुरता नसून राष्ट्रीय आहे एवढे सिद्ध झाले. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, हीरो होंडाच्या सीडी १०० ने 'फिल इट, शट इट, फरगेट इट' ही रचना लोकांच्या तोंडी बसवली. समीक्षकाच्या दृष्टीने ही रचना अव्वल आहे. तीन क्रियापदे, तीनही आज्ञार्थी, आणि पैशाचा उल्लेख कुठेच नाही. 'फिल इट'नंतर खिशात हात घालावा लागतो, हे कवीने खुबीने गाळले आहे.

आता ध्रुवपदातले 'देते' हे क्रियापद पाहा. गाय देते, म्हैस देते आणि गाडी देते. सकाळी चरवी घेऊन गोठ्यात शिरणाऱ्या माणसाच्या तोंडचे हे क्रियापद आपण उचलले आणि लोखंडी जनावराला चिकटवले. वस्तुतः गाडी काही देत नाही. ती घेते. देतो तो आपण, आणि तेही पंपावर, मीटरवरचे शून्य बघितले की नाही या विवंचनेत. युरोपातले लोक या बाबतीत रोखठोक आहेत. ते विचारतात, शंभर किलोमीटरला ही पिते किती? प्रश्न तोच, पण आपला प्रश्न दुभत्या जनावराच्या मालकाचा आहे आणि त्यांचा प्रश्न दारुड्या जावयाच्या सासऱ्याचा आहे.

हा नुसता भाषेचा खेळ नाही बरं का. 'देते किती' असे विचारले की हिशेबच चुकतो. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांकडे एक जुनी जीप आहे, लिटरला ८ किलोमीटर जाणारी, आणि मुलाची मोटारसायकल आहे, ४० जाणारी. समजा, खटपट करून जीप ८ची १० झाली आणि मोटारसायकल ४०ची ५० झाली. पेढे कुणाच्या नावाने वाटाल? सगळी इमारत मोटारसायकलच्या नावाने वाटेल. दहाने वाढली ना! आता कागद घ्या. हजार किलोमीटरला जीप आधी १२५ लिटर पीत होती, आता १०० पिते. २५ लिटर वाचले. मोटारसायकल २५ पीत होती, आता २० पिते. वाचले पाच. दोनाने वाढलेल्या जीपने दहाने वाढलेल्या मोटारसायकलच्या पाचपट पेट्रोल वाचवले. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हाच भ्रम मांडला; तिकडे मैल आणि गॅलन होते, एवढाच फरक. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात खादाड गाडी आहे त्यानेच सगळ्यात आधी सुधारावे, हा खरा मुद्दा. पण ध्रुवपद असे आहे की खादाड गाडीचा मालक कोपऱ्यात गप्प बसतो आणि ज्याची ६० देते तो ६२ साठी मैफल गाजवतो.

या वाङ्मयातला सर्वांत प्रतिष्ठित ग्रंथ म्हणजे कंपनीचा आकडा. त्याचे जन्मस्थान अनेकांना ठाऊक नसते. पुण्यात कोथरूडच्या अंगाला वेताळ टेकडी आहे आणि १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे, म्हणजे पुणेकरांच्या भाषेत 'एआरएआय'चे, ठाणे तिथे आहे. ज्या चाचणीतून आपल्याकडचे आकडे वर्षानुवर्षे निघत आले, ती मोठी रसाळ आहे. गाडी रस्त्यावर धावतच नाही. एका खोलीत भल्या थोरल्या लाटण्यांवर तिची चाके फिरतात. चालकासमोर पडद्यावर वेगाची एक रेघ उमटते. तिच्यावरून त्याने इमानेइतबारे चालायचे, जसे आपण पहिलीत 'ग'च्या ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवायचो. १,१८० सेकंद, म्हणजे १९ मिनिटे ४० सेकंद, हा प्रयोग चालतो. वेग ९० च्या वर जात नाही. एसी बंद. पेट्रोल किती जळले हे टाकीत काठी बुडवून बघत नाहीत. धुराड्यातून जे बाहेर पडले त्यातला कार्बन मोजून मागे हिशेब लावतात. जेवण किती झाले हे ढेकरेवरून ओळखण्याचाच हा प्रकार, पण अत्यंत अचूक.

आता टेकडीच वेताळाची म्हटल्यावर प्रश्न विचारला जाणारच. "हे राजा, खोलीत जी गाडी २४ देते ती लक्ष्मी रोडवर १४ का देते? उत्तर ठाऊक असून दिले नाहीस तर तुझ्या डोक्याची शंभर शकले होऊन तुझ्याच पायाशी लोळू लागतील." राजाने उत्तर द्यावे ते असे, की वेताळा, त्या खोलीत लक्ष्मी रोड नाही. तिथे पाऊस नाही, खड्डा नाही, 'नो एंट्री'तून येणारा नाही, मधेच थांबून नारळाचा भाव विचारणारा नाही, आणि "जरा काच खाली करा, मला मळमळतंय" म्हणणारी मावशी नाही. वेताळ खूश होऊन झाडाला लटकायला मोकळा.

माझे मत विचाराल तर या ग्रंथावर खोटेपणाचा आरोप करणे अन्यायाचे आहे. सगळ्या गाड्या त्याच खोलीत त्याच रेघेवरून पळवल्या तर त्यांची आपापसातली तुलना खरी ठरते, आणि ग्रंथाचा हेतू तेवढाच आहे. दोष वाचकाचा. तो काव्य हातात घेऊन इतिहास म्हणून वाचतो आणि मग सनावळी चुकली म्हणून कवीच्या घरी भांडायला जातो. अमेरिकेत ही भांडणे इतकी झाली, की तिथल्या पर्यावरण खात्याने २००८च्या गाड्यांपासून चाचणीत भरधाव वेग, एसी आणि कडाक्याची थंडी हे सगळे धरायला सुरुवात केली. आकडे उतरले. गाड्या त्याच होत्या.

लिखित परंपरेनंतर मौखिक. मालकाचा आकडा हा आपल्या लोकसाहित्याचा जिवंत झरा आहे. त्याचे वैशिष्ट्य असे, की ऐकणारा कोण आहे यावर पाठ बदलतो. नवी गाडी घेऊन आठ दिवस झालेल्या माणसाचा आकडा कंपनीपेक्षा एकाने जास्त असतो. कारण कंपनीने गाडी विकली, पण निवड त्याची होती. तीच गाडी विकायला काढली की आकडा आणखी दोनने वर सरकतो. मुलगा चालवायला लागला की घसरतो. आणि चुलतभावाने "दोन दिवस गाडी मिळेल का, महाबळेश्वरला जाऊन येतो," असे विचारले की तो एकदम नऊवर येऊन आदळतो. "अरे, नेली असतीस रे, पण पितेय फार हल्ली!" दारुड्या जावयाच्या सासऱ्याची भाषा मराठी माणसाला येते ती नेमकी या वेळी.

मौखिक परंपरेतच स्तोत्रे, मंत्र आणि तोडगे येतात. पेट्रोलच्या नळीवर बसवायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यावर गाडी चालवणारे डबे. यांची फलश्रुती ठरलेली : गाडी तीस टक्के जास्त देते, इंजिन मुलायम होते, धूर नाहीसा होतो. संततीचा उल्लेख तेवढा राहिलेला आहे. याच अमेरिकन खात्याने १९७०च्या दशकापासून असली शंभराहून जास्त साधने तपासली. बहुतेकांचा काही उपयोग नव्हता. ज्या थोड्यांचा झाला तो किंचित झाला. पण स्तोत्राला पुराव्याने धक्का लागत नाही. आमच्या ओळखीच्या एकांनी चुंबक बसवले आणि त्या दिवसापासून, नव्या चुंबकाला शोभेल असे, हळू चालवू लागले. ॲव्हरेज खरोखर वाढले. चुंबकाचा फोटो त्यांनी गाडीत गणपतीशेजारी लावला आहे.

पेट्रोल पहाटे भरावे म्हणजे थंड, घट्ट आणि जास्त मिळते, हाही एक तोडगा. यात विज्ञान अजिबात नाही असे नाही; एका अंशाला साधारण एक सहस्रांश एवढे पेट्रोल फुगते खरे. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि जमिनीखाली पहाट, दुपार असले भेद फारसे नसतात. म्हणजे पाच वाजता उठून जे वाचेल त्यात चहाची साखरही यायची नाही. शंभराऐवजी एकशेदहाचे भरावे म्हणजे मशीन फसते, हा त्याच घराण्यातला दुसरा. माप कमी मिळते अशी शंका असेल तर पंपावर वजनमापे खात्याने शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते आणि ते मागून मोजून घेण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. मात्र मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत ते माप मागायला जी छाती लागते ती आपल्यात नसते, आणि दहा रुपये जास्त द्यायला छाती लागत नाही. तोडगे असेच जन्माला येतात.

एका तोडग्याबद्दल मात्र मला विनोद सुचत नाही. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणे. आमचे एक काका आंबा घाट लागला की गिअर काढून घ्यायचे आणि वर गाडीतल्या मुलांना सांगायचे, "बघा, आता फुकट चाललोय!" मुले टाळ्या वाजवायची. काकांची गाडी कार्ब्युरेटरची होती आणि त्या काळात या म्हणण्यात थोडे तथ्य होते. पण २०००च्या आसपास आपल्याकडच्या मोटारी इंजेक्शनच्या झाल्या. या गाड्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारे पेट्रोल बंदच करतात. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलीत तर इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहावे लागते आणि त्यासाठी ते पेट्रोल मागते. म्हणजे फुकट चालण्याचे पैसे पडतात. शिवाय इंजिनाने जी गाडी धरून ठेवायची, ती आता फक्त ब्रेक धरून ठेवतात, ते तापतात, आणि तापलेले ब्रेक कधी हात सोडतील याला ॲव्हरेज नसते. काकांनी शिकवलेला हा पाठ त्यांची मुले आजही गिरवत आहेत, आणि मागच्या सीटवर पुन्हा टाळ्या वाजवणारी मुले आहेत. लोकसाहित्य पिढ्यान्पिढ्या टिकते म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. सगळेच टिकायला हवे असे नाही.

अलीकडे या वाङ्मयात ऊसही शिरला आहे. २०२५ साली देशभर पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा साधा त्रैराशिक मांडला तरी सहा-सात टक्क्यांची तूट दिसते. निती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी तेवढीच धरली होती. पुढे सरकारी खुलासे आले त्यात ती कमी सांगितली, आणि आमच्या इमारतीतले गृहस्थ ती वीस सांगतात. ज्यांचा उसाचा फड आहे ते या विषयावर बोलतच नाहीत.

आता ज्या ग्रंथाची या साऱ्या गदारोळात कुणी पानेही फाडलेली नाहीत, त्याच्याकडे वळतो. गाडीसोबत एक पुस्तिका येते. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पीयूसीच्या जुन्या कागदांखाली निजलेली असते. तिच्यात इंधन वाचवण्याबद्दल एक-दीड पान असते. शैली रटाळ, अलंकार शून्य. पण विषयाला धरून लिहिणारा या वाङ्मयात हा एकच लेखक आहे. तो काय सांगतो? महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, टायरमधली हवा बघा. डिकीतले नको ते सामान काढा. टपावरचे कॅरियर काम झाले की उतरवा. (आपल्याकडे मे महिन्यात कोकणात जाताना बसवलेले कॅरियर दिवाळीत खाली येते. रिकामे असले तरी ते वारा अडवते, आणि त्यावर सामानाचा डोलारा असला तर हमरस्त्यावर दहा ते पंचवीस टक्के पेट्रोल नुसते वाऱ्याशी कुस्ती खेळण्यात जाते.) वेग आवरा, साधारण ऐंशीच्या पुढे वारा तुमच्याकडून वसुली करू लागतो, आणि वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. सिग्नलला बराच वेळ उभे राहायचे असेल तर इंजिन बंद करा.

यावर काकांच्या पिढीचा आक्षेप ठरलेला. "अहो, स्टार्ट करायलाच कपभर पेट्रोल लागतं!" चोक ओढून गाडी चालू करण्याच्या दिवसांतले हे वाक्य आहे. इंजेक्शनच्या गाडीत दहा सेकंदांहून जास्त थांबायचे असेल तर बंद करून पुन्हा चालू करण्यातच फायदा. इंजिन जागच्या जागी तासभर घुरघुरत ठेवले तर छोट्या गाडीतही अर्धा-पाऊण लिटर सहज जाते, एसी लावला तर आणखी. आणि त्या तासाचे ॲव्हरेज शून्य. कारण भागाकारात वर किलोमीटरच नाही.

पण पुस्तिकेतले सगळ्यात मोलाचे वाक्य ब्रेकचे आहे. तिची भाषा रुक्ष आहे, म्हणून ते माझ्या भाषेत सांगतो. पेट्रोलात जेवढी ताकद असते तिच्यातली पाचव्या हिश्शाच्या आसपासच चाकांपर्यंत पोचते. बाकीची उष्णता होऊन जाते. त्या पाचव्या हिश्शातून तुम्ही वेग विकत घेता. आणि पुढच्या चौकात लाल दिवा दिसत असूनही तिथपर्यंत जोरात जाऊन करकचून ब्रेक दाबता, तेव्हा तो विकत घेतलेला वेग चाकाच्या तबकडीवर घासून, तापवून, रस्त्यावर फेकून देता. दिवा लांबून दिसला की पाय उचलावा, गाडीला आपणहून मंदावू द्यावे, एवढाच उपदेश. गर्दीच्या रस्त्यावर धसमुसळे आणि शांत चालवणे यांच्यात दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. कुठल्या चुंबकाने इतका दावा केला तर आपण बायकोचे दागिने गहाण ठेवून तो घेऊ. पण हा ग्रंथ दोष गाडीला देत नाही, पंपाला देत नाही, तेलाला देत नाही; उजव्या पायाला देतो. असले लेखक लोकप्रिय होत नसतात.

इतके झाल्यावर या वाङ्मयातल्या एका अप्रकाशित कृतीचा परिचय करून देतो. ती माझ्या सासऱ्यांची आहे. अण्णा सांगलीला बँकेत हिशेब तपासण्याच्या खात्यात होते आणि निवृत्त झाल्यावर तपासायला दुसऱ्यांचे हिशेब उरले नाहीत, तरी हात थांबला नाही. १९८४ साली त्यांनी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. सांगली तिला फियाटच म्हणत असे. पुढे एक छोटी इंजेक्शनची गाडी. २०१८ साली डोळ्यांमुळे चालवणे सोडले. या चौतीस वर्षांत टाकीत पडलेला थेंबन् थेंब अकरा वह्यांत नोंदलेला आहे. पद्धत शास्त्रोक्त : त्याच पंपावर, टाकी काठोकाठ, पुन्हा भरताना जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरला भागायचे. तारीख, किलोमीटर, लिटर, दर, ॲव्हरेज. आणि सहावा रकाना, 'शेरा'.

गेल्या उन्हाळ्यात मेहुण्याने घर रंगवायला काढले तेव्हा वह्या रद्दीत निघाल्या. "हल्ली गाडीच्या पडद्यावर दिसतं हो सगळं," तो म्हणाला. रद्दीवाल्याने वजन केले, तीन किलो दोनशे. ही म्हणाली, "तुम्ही लिहिता ना काहीबाही, बघा तरी एकदा." म्हणून मी त्या पिशवीत घालून घेऊन आलो आणि आठ दिवस वाचत होतो.

वाङ्मय म्हणून पाहता पहिले पाच रकाने कुणीही लिहील. सहावा फक्त अण्णाच लिहू जाणे. '१०.९. टायर हवा कमी. भरली.' पुढची नोंद, '११.६. हवेचा परिणाम.' गणेशोत्सवात, 'मुंबई. माणसे ६, कॅरियर, ट्रंका २. घट अपेक्षित.' १९९१ मध्ये, '९.२. गाडी साडूंना दोन दिवस दिली होती. कारण वेगळे नमूद करण्याची गरज नाही.' मी जावई झालो त्या महिन्यातली नोंदही सापडली : '१०.१. लग्नाची धावपळ. आकडा ग्राह्य धरू नये.' संयमित लेखनाचा याहून चांगला नमुना मला तरी ठाऊक नाही. अतिशयोक्ती कुठेही नाही. चौतीस वर्षांत एकदाही त्यांनी आकडा कुणाला खूश करण्यासाठी फिरवलेला नाही. आणि लग्नात त्यांना कुणी विचारले असते तरी अकरालाच अकरा म्हणाले असते.

नववी वही २०११ची. इथे अनुभवी वाचक थबकतो. छोटी गाडी, एरवी इमानदारीत सोळा-सतरा देणारी, ऑगस्टपासून घसरत जाते. १४.२. १२.८. ११. हिशेब तपासनिसाच्या घरात असली घसरण म्हणजे चौकशीचा विषय. पण टायर बदलल्याची नोंद नाही, प्लग बदलल्याची नाही, पंपाबद्दल संशय नाही. शेऱ्यात एवढेच : 'मिरज. सौ. गाडीतच पडून. इंजिन चालू, एसी. १ तास ४० मि.' पुन्हा 'मिरज. नंबर यायला उशीर. इंजिन चालू. २ तास.' पुन्हा 'मिरज.' दहा किलोमीटरच्या अंतराला, ज्या माणसाने रेल्वे फाटकावर सत्तावीस वर्षे न चुकता चावी फिरवून इंजिन बंद केले, त्याने दवाखान्याच्या दारात, झाडाखाली, तासन् तास ते चालू ठेवले आणि प्रत्येक वेळी किती वेळ ते मिनिटांसकट लिहून ठेवले. ऑक्टोबरातला एक आकडा ८.७ आहे. अकरा वह्यांतला सगळ्यात खालचा, फियाटचे आकडे धरूनही. त्याच्यापुढे शेरा आहे, 'ठीक.'

डिसेंबरपासून आकडे चढतात. १६.५, १७.८. जानेवारी २०१२ मध्ये १९.४. चौतीस वर्षांतला हा सर्वांत वरचा आकडा आहे. अण्णांनी त्याच्याखाली पट्टीने रेघ ओढली आहे. शेऱ्याचा रकाना कोरा. संपूर्ण कृतीत हा रकाना कोरा असलेली जागा ही एकच.

परवा मेहुणा आला तेव्हा अण्णांना घेऊन आला होता. मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि पान दाखवले. तो बराच वेळ वाचत होता. मग अण्णांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाला, "अण्णा, एकोणीस पॉइंट चार! आणि पुढे काहीच लिहिलं नाहीत तुम्ही?"

अण्णांनी वही हातात घेतली, डोळ्यांपाशी नेली आणि त्या रेघेवरून बोट फिरवले.

"गाडीत एकटाच होतो," ते म्हणाले. "हवा बरोबर होती."